‘जय हिंद’ म्हणत आलेला पेन्शनवाला

पेन्शनची कामं करून देतो म्हणणारा तो माणूस पहिल्यांदा घरी आला तेव्हा उंबऱ्यातच ताठ उभा राहून म्हणाला, “जय हिंद, साहेब.” आप्पांचे डोळे चमकले. तिथेच आम्ही फसलो.

आप्पा फौजेत हवालदार होते. २००४ साली गाडी दरीत गेली, मणक्याला मार बसला आणि त्यांना बोर्ड-आऊट केलं, म्हणजे वैद्यकीय कारणाने सेवेतून काढलं. सुरुवातीला काठीवर चालायचे, तेव्हा अपंगत्व ८० टक्के धरलं होतं. आता कमरेखाली काहीच कळत नाही. दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर पाठीला जखमा होतात. रात्री आई, दिवसा मी. मागच्या मेडिकल बोर्डाने १०० टक्के केले. अशा माणसाला पेन्शनशिवाय ‘कॉन्स्टंट अटेंडन्स अलाउन्स’, म्हणजे कायम मदतनीस लागतो म्हणून दिला जाणारा भत्ता, मिळू शकतो. २०१७ च्या जुलैपासून तो महिना ६,७५० रुपये झाला. आम्ही अर्ज केला, नकार आला. पत्रात खाली अपिलाला सहा महिन्यांची मुदत लिहिली होती.

हा माणूस मिलिटरी कँटीनच्या बाहेर भेटला होता. स्वतः माजी सैनिक असल्याचं सांगायचा. त्याने कॅल्क्युलेटर काढला, ६,७५० गुणिले २४० महिने, “सोळा लाख वीस हजार, साहेब!” फी २२ हजार रोख, शिवाय थकबाकीतले ३० टक्के, तेही स्टॅम्प पेपरवर. आकडा ऐकून आई हरखली. मी हिशोब शिकलेली बाई, पण मलाही सुचलं नाही की सहाव्या वेतन आयोगात हाच भत्ता सुरुवातीला ३,००० होता आणि आप्पांना १०० टक्के मिळून वर्षही झालं नव्हतं. वीस वर्षं आली कुठून?

जाताना त्याने फौजेतून सुटतानाचं मूळ डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश), कोऱ्या कागदांवर आप्पांच्या सह्या आणि फौजी पेन्शनच्या ‘स्पर्श’ पोर्टलचा पासवर्डसुद्धा नेला. आठवड्याने स्पीड पोस्टची पावती आणून दिली. “अपील दिल्लीला गेलं.” मग दर महिन्याला तेच, “फाईल वर आहे.”

आठ महिन्यांनी सहज म्हणून पावतीवरचा नंबर पोस्टाच्या साइटवर टाकला. पाकीट पोहोचलं होतं, पण दिल्लीला नाही, शेजारच्याच तालुक्यात. अपील कधी गेलंच नव्हतं. मुदतही निघून गेली होती.

जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातल्या कल्याण संघटकांनी नकाराचं पत्र दोन मिनिटांत वाचलं. नुसत्या १०० टक्क्यांवर भत्ता मिळत नाही. कायम मदतनीस लागतो, असं बोर्डाने लिहावं लागतं. आमच्या कागदावर ते नव्हतं, आणि नकार त्याचसाठी होता. हे त्या पेन्शनवाल्याने एकदाही विचारलं नाही. संघटकांनी उशीर माफ करण्याच्या विनंतीसह अपील लिहून दिलं, एक पैसा न घेता. वरही नकार आलाच तर सशस्त्र दल न्यायाधिकरण आहे, पण अशा प्रकरणांत तिथेही थकबाकी बहुधा दावा केल्याच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते, हेही त्यांनी आधीच सांगून टाकलं.

‘स्पर्श’चा पासवर्ड त्याच रात्री बदलला. पोलिसांत जायचं म्हटलं तर आप्पा गप्प. “फौजी आहे गं तो.” तो फौजी आहे की नाही, हे आम्हाला अजूनही माहीत नाही. त्याने फौजेतला नंबर कधी सांगितला नाही, युनिटही नाही. आप्पांनी मात्र त्याला स्वतःचं सगळं सांगितलं होतं.

डिस्चार्ज बुक अजून त्याच्याकडेच आहे. मागितलं की म्हणतो, “ताई, आधी राहिलेला हिशोब.”