स्नॉर्ट आणि माझी दीडशे ओळींची स्क्रिप्ट: आठ महिन्यांनंतर

संक्रांतीला तिळगूळ हातावर ठेवत शेठनी विचारलं, "काय हो, पंधरा दिवसांत तुमचा मेल नाही. सगळं ठीक ना?" मी रुबाबात म्हणालो, "अलर्टच नाहीत, मग मेल कशाचा?" नाशिक फाट्याच्या सिग्नलला थांबलो आणि पोटात गोळा आला. भोसरीतल्या त्यांच्या वर्कशॉपच्या नेटवर्कवर स्नॉर्ट नावाचा पहारेकरी प्रोग्राम आहे: संशयास्पद काही दिसलं की तो फाईलमध्ये एक ओळ लिहितो, तोच अलर्ट, आणि माझी पायथन भाषेतली स्क्रिप्ट ती फाईल वाचून मेल पाठवते. तिथे दोन आठवड्यांत एकही अलर्ट नाही? तिथे प्रिंटरसुद्धा दिवसातून चार वेळा संशयित ठरतो.

घरी येऊन लॉगिन केलं. अलर्टची फाईल तुडुंब. स्क्रिप्ट दर दहा मिनिटांनी क्रॉनमधून (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी सोय) इमानदारीत चालतेय, एरर एकही नाही. फक्त 1 जानेवारीपासूनची प्रत्येक ओळ ती 'आधीच पाहिलेली' म्हणून टाकून देत होती.

कारण ऐका. स्नॉर्ट 2.9 च्या फास्ट अलर्टच्या (थोडक्यातल्या, एकेका ओळीच्या नोंदीच्या) ओळीत महिना असतो, तारीख असते, वेळ असते, साल नसतं. साल दिलं नाही की पायथन गुपचूप 1900 धरतो. लॉगरोटेट हा प्रोग्राम रोज रात्री जुनी फाईल बाजूला ठेवून नवी सुरू करतो, म्हणून 'कुठपर्यंत वाचलं' हे मी बाइटमध्ये न ठेवता शेवटच्या अलर्टच्या वेळेत ठेवलं होतं. तिथे नोंद होती 31 डिसेंबर 1900. नवी ओळ आली 1 जानेवारी 1900 ची. म्हणजे वर्षभर जुनी. कचऱ्यात.

सेकंदाचा दहा लाखावा भाग छापायला यांच्याकडे सहा आकड्यांची जागा आहे, सालाला नाही! पेठेतल्या चिवड्याच्या दुकानाच्या पाटीवरही स्थापनेचं साल असतं हो. आणि 1900 लीप वर्ष नव्हतं, त्यामुळे हीच स्क्रिप्ट 29 फेब्रुवारी 2028 ला 'अशी तारीखच नाही' म्हणून आडवी झाली असती.

बाकीच्या तक्रारी किरकोळ. पिंगच्या ('यंत्र जागं आहे का' विचारणाऱ्या संदेशाच्या) अलर्टमध्ये पोर्ट, म्हणजे पत्त्यापुढचा दरवाजाचा नंबर, नसतो, त्यामुळे पत्त्यानंतर कोलन शोधणारा माझा रेगेक्स (ओळीतला नमुना हुडकणारं सूत्र) त्या ओळी गाळत होता. नियमाला वर्ग दिलेला नसेल तर क्लासिफिकेशनचा कंसच गायब होतो. प्रायॉरिटी 1 म्हणजे सगळ्यात गंभीर, हे उलटं समजून पहिला महिनाभर मी शेठना सगळा पालापाचोळा वर लावून पाठवला. तेही ते मन लावून वाचत.

पण पैसे वसूल झाले ते ऑगस्टमध्ये. पैसे म्हणजे तपकीर गल्लीतून घासाघीस करून घेतलेला सेकंडहँड मॅनेज्ड स्विच, पोर्ट मिररिंगसाठी (नेटवर्कवरच्या रहदारीची नक्कल स्नॉर्टकडे वळवायला), आणि अडगळीतला एक पीसी. (तयार सिस्टिमचा वार्षिक आकडा ऐकल्यावर शेठनी आधी केबिनमधला एसी बंद केला होता.) एमआयडीसीला गुरुवारी सुट्टी. मशीन बंद, माणसं घरी, लॉग शांत हवा. त्या गुरुवारच्या मेलमध्ये एकाच आतल्या पत्त्यावरून चारशेच्या वर अलर्ट, सगळे बाहेरच्या अनोळखी पत्त्यांच्या 23 नंबरच्या पोर्टवर. टेलनेट, म्हणजे दूरच्या यंत्रात लॉगिन करायची जुनी पद्धत. एरवी हे रोजच्या गोंगाटात बुडून गेलं असतं. पत्ता निघाला सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा. 2016 च्या मिराई या घुसखोर प्रोग्रामची जातकुळी: बनवणाऱ्या कंपनीनं घातलेलाच पासवर्ड ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधत फिरायचं. डीव्हीआर बंद-चालू केला, गप्प झाला. संध्याकाळी परत सुरू, कारण असला प्रकार मेमरीत राहतो, रीबूटने जातो आणि पासवर्ड तोच असला की पुन्हा आत येतो. पासवर्ड बदलला, डीव्हीआर ज्या पोर्टवरून बाहेरच्यांना उघडा होता तो पोर्ट राउटरवर बंद केला, विषय संपला. त्या दिवसापासून गुरुवारचा मेल मी चहा गार झाला तरी आधी वाचतो.

हे परीक्षण इथवर लिहून ठेवलं होतं आणि सालापायी स्नॉर्टचा एक तारा कापला होता. मग दुसरंच काहीतरी शोधायला मॅन्युअल उघडलं, तर तिथे 'डॅश वाय' नावाचा पर्याय: तारखेत साल दाखवा. माझ्या आधीपासून तिथे बसलेला. तेव्हा तो तारा माझ्या खात्यातून कापतो. तरीही सांगतो, हे मुळातच चालू असायला हवं होतं. आणि चालू केल्यावर साल येतं ते दोनच आकडी! रेगेक्स पुन्हा मोडला, पुन्हा शिवला.

मित्र म्हणतो, स्नॉर्ट सोड, तसंच काम करणाऱ्या सुरिकाटावर ये. त्या प्रोग्रामच्या ईव्ह नावाच्या अलर्ट फाईलमध्ये एक ओळ म्हणजे एक जेसन (प्रत्येक माहितीला नाव लावलेली नोंद), तारखेत पूर्ण साल, वर भारतीय वेळेचं अधिक 0530 सुद्धा. रेगेक्सची कटकटच नाही. पटतं. पण दीडशे ओळी लिहून झाल्यात, पीसी चालतोय आणि नवा घ्यायचा विषय शेठपुढे मला काढायचा नाही. हा पीसी बसला की जाईन.

स्क्रिप्टमध्ये आता एकच भर घातली: अलर्ट नसले तरी रोज मेल जातो, किती ओळी वाचल्या आणि किती टाकल्या त्या आकड्यांसकट. परवा शेठचा फोन आला, "अहो, रोज रोज शून्याचा मेल कशाला पाठवता? तेवढा बंद करा."