गिटार दुरुस्तीला देण्याआधी आतले फोटो काढून ठेवा

साडेसहा हजार रुपये मोजून मी माझ्या लेकीची चांगली गिटार बिघडवून आणली. जळगाव-भुसावळकडे हल्ली बरीच मुलं इलेक्ट्रिक गिटार शिकताहेत आणि त्यांच्या आईवडिलांना त्यातलं काही कळत नाही, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे.

दहावीची परीक्षा संपल्यावर, एप्रिलमध्ये, आम्ही तिला गिटार घेतली. छोटा अँप (गिटारचा आवाज मोठा करणारा स्पीकर) आणि केबल धरून 21,000 रुपये. महिनाभर छान वाजली. मग मे आला. भुसावळचा मे काय असतो ते इकडच्या माणसांना सांगायला नको. पारा 45 च्या घरात, हवा इतकी कोरडी की धुतलेली चादर तासाभरात कडक होते. त्या दिवसांत जाड तारा पहिल्या तीन-चार फ्रेटवर, म्हणजे नेकवरच्या (गिटारच्या लांब मानेवरच्या) धातूच्या आडव्या पट्ट्यांवर, दाबल्या की खर्र असा आवाज येऊ लागला. शिवाय अँप चालू केला की मागे सलग घूंऽऽ असा आवाज. हे दोन वेगळे दोष आहेत हे आम्हाला माहीतच नव्हतं. "नको तो आवाज येतो," एवढंच मी जळगावच्या कारागिराला सांगितलं. तो पत्ता आम्हाला ओळखीतूनच मिळाला होता.

त्याने गिटार दोन मिनिटं हातात धरली. "ताई, नेक बाकली आहे. फ्रेट उंचसखल आहेत. आतलं वायरिंग कच्चं आहे. आता नाही केलं तर हे असंच वाजून राहील, वर्षभरात फेकावी लागेल." लेक शेजारी उभी होती, तिचा चेहरा उतरला. मी तिथेच हो म्हटलं. फ्रेट घासून सारखे करायचे 3,000, घरघर थांबवायला आतून तांब्याची पट्टी लावायचे 1,500, वायरिंगचे 1,200 आणि नव्या तारांचे 800. पैसे आधी घेतले. चिठ्ठीवर फक्त 'गिटार रिपेरिंग, 6,500' आणि तारीख. कामाचा तपशील मागायचं मला सुचलं नाही.

चार दिवसांनी गिटार आणली. खर्र आवाज बंद झाला होता, त्यामुळे मी समाधानाने पैसे वसूल झाले असं समजले. पण लेकीला बोटं दाबवेनात. आधी जमणारा एफ कॉर्ड (बऱ्याच तारा एकदम दाबून वाजवायचा सूरसमूह) आता लागेना, बोटांच्या टोकांना फोड आले. मी तिलाच म्हटलं की सराव कमी पडतोय. हे वाक्य मला आजही टोचतं. आणि अँपची घरघर कमी व्हायची सोडून वाढली होती.

अंमळनेरला माझ्या भावाच्या ओळखीचे एक काका आहेत. तीस वर्षं लग्नाच्या ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली, स्वतःची वाद्यं स्वतःच दुरुस्त करतात. जूनमध्ये त्यांच्याकडे गेलो. ते लेकीला म्हणाले, "बेटा, पहिले केबल काढ आणि नुसती वाजव. नुसत्या गिटारवर ऐकू येतो तो तारेचा दोष. अँप लावल्यावरच येतो तो विजेचा. या दोन्हीला एकच इलाज सांगणाऱ्याला गिटार देऊ नये."

मग त्यांनी कंपासपेटीतली पट्टी घेऊन बाराव्या फ्रेटवर तारेची उंची मोजली. चार मिलिमीटर! जाड तार साधारण दोन आणि बारीक तार दीडच्या आसपास असली की हाताला बरी पडते. म्हणजे त्या माणसाने ब्रिजवरचे सॅडल, म्हणजे तारा टेकतात ते छोटे तुकडे, वर चढवले होते, बस. तारा फ्रेटपासून इतक्या लांब गेल्या की घासायचा प्रश्नच उरला नाही. लेकीचे फोड त्यातून आले होते.

खरा दोष नेकमध्ये होता, आणि तोही फार मोठा नव्हता. पहिल्या फ्रेटवर कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावायचा, शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि मधे, सातव्या-आठव्या फ्रेटवर, तार आणि फ्रेट यांत फट किती ते बघायचं. साधं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल इतकी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास, फट हवी. आमच्या गिटारला फटच नव्हती. कोरड्या हवेत लाकडातला ओलावा जातो, नेक मागे झुकते आणि तारा पहिल्या काही फ्रेटवर घासू लागतात. नेकच्या आत एक लोखंडी दांडा असतो, ट्रस रॉड. काकांनी ॲलन की लावून तो पाव फेरा सैल केला आणि गिटार रात्रभर ठेवून दिली. घाईने पूर्ण फेरे मारले तर रॉड तुटू शकतो, नेकही जाऊ शकते. सकाळी पुन्हा मोजलं, आणखी थोडं सैल केलं, मग सॅडल खाली आणले. लेकीने एफ धरला आणि तो स्वच्छ वाजला. तिने माझ्याकडे बघितलं ते मी विसरणार नाही.

फ्रेट त्यांनी भिंगाखाली दाखवले. घासून सारखे केलेल्या फ्रेटचा माथा आधी सपाट होतो, नंतर कानस आणि पॉलिशने गोलाई परत आणावी लागते. आमच्या एकाही फ्रेटला हत्यार लागल्याची खूण नव्हती.

मग त्यांनी प्लेटचे स्क्रू काढले. तांब्याची पट्टी कुठेच नव्हती. मागे स्प्रिंगांच्या पत्र्याला डाग दिलेली अर्थिंगची वायर सुटून नुसतीच आत पडली होती. पूर्वी तारांना हात लावला की घरघर कमी व्हायची, हे लेकीला आठवत होतं. ती खूण अर्थिंग ठीक असल्याची होती. आता हात लावून काहीच फरक पडत नव्हता, कारण ती वायर त्या माणसाने तोडली किंवा पुन्हा जोडलीच नाही.

सर्वांत वाईट गोष्ट लेकीच्या मोबाइलमध्ये सापडली. गिटार आणली त्या दिवशी तिने जवळून फोटो काढले होते. त्यात प्रत्येक पिकअपमधले (तारांचं कंपन टिपून अँपकडे पाठवणारा चुंबकी भाग) सहा छोटे खांब वरखाली दिसतात. समोरच्या गिटारमध्ये सगळे एका पातळीत होते. काकांनी पिकअप उलटा केला. खाली चुंबकाची एक सपाट पट्टी चिकटवलेली. "हे स्वस्तातले आहेत," ते शांतपणे म्हणाले. आमचे तिन्ही पिकअप काढून घेतले होते. एका मुलीच्या वाद्याचा आवाजच चोरला, मला तरी ते असंच वाटतं.

मी फोन केला तर तो म्हणाला, "ताई, चिठ्ठीवर पिकअपचं लिहिलंय का कुठे?" लिहिलेलं नव्हतं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर तक्रार केली आहे, फोटो आणि चिठ्ठी दोन्ही जोडले आहेत. अजून काही निकाल नाही.

तुम्ही गिटार देणार असाल तर आधी प्लेट उघडून आतला, पिकअपचा वरून आणि खालून, आणि पट्टी धरून बाराव्या फ्रेटचा फोटो काढा. प्लेट उघडायला साधा स्क्रू ड्रायव्हर पुरतो, तारा तेवढ्या आधी सैल करा. कोणतं काम किती रुपयांचं हे चिठ्ठीवर वेगवेगळं लिहून घ्या. काढलेला सुटा भाग परत मागा. आणि घरी आणल्यावर नाही, तर त्याच्याच समोर वाजवून बघा, आधी केबल न लावता.

काकांनी अर्थिंगची वायर पुन्हा जोडून दिली, पैसे घेतले नाहीत. ट्यूबलाइटजवळ बसलं की थोडी घरघर अजून येते, सिंगल कॉइल (तारेच्या एकाच गुंडाळीच्या) पिकअपला ती येतेच. लेक आता ट्यूबलाइटपासून लांब, खिडकीकडे पाठ करून बसते आणि दर पंधरा दिवसांनी व्हिजिटिंग कार्ड घेऊन फट तपासते.