‘प्रिन्स कॅस्पियन’: कादंबरी वाचून पाहावा की न वाचता?

सी. एस. लुईस यांच्या 1951 मधील कादंबरीवर आधारलेला, 2008 मध्ये आलेला नार्निया या जादुई देशावरील मालिकेतील हा दुसरा चित्रपट कोणाला किती भावतो, हे बरेचसे मूळ पुस्तक आधी वाचले आहे की नाही यावर ठरते.

वाचलेल्या प्रेक्षकाला राजपुत्र कॅस्पियनची गादी बळकावणाऱ्या काकाच्या, म्हणजे मिराझच्या, किल्ल्यावरील रात्रीचा हल्ला खटकतो, कारण तो पुस्तकात नाहीच. नार्नियात आलेल्या चार भावंडांपैकी सुसान आणि कॅस्पियन यांच्यातील ओढही पटकथेची भर आहे. ही तक्रार मला रास्त वाटते. कादंबरीचा गाभा लढाईत नसून, अस्लान हा सिंह आधी एकट्या ल्युसीला, म्हणजे धाकट्या बहिणीला, दिसतो आणि भावंडांपैकी बहुतेकजण तिच्यावर विश्वास ठेवत नाहीत, या प्रसंगात आहे, आणि पडद्यावर त्याला पुरेसा अवकाश मिळालेला नाही.

न वाचलेल्याला मात्र तोच हल्ला सर्वांत प्रभावी वाटू शकतो: किल्ल्याचा दरवाजा खाली पडून बंद होतो, सोबती आत अडकतात आणि थोरला भाऊ पीटर याच्या अहंकाराची किंमत इतरांना मोजावी लागते. शिवाय पुस्तकात ट्रम्पकिन या बुटक्याच्या निवेदनातून येणारा कॅस्पियनचा पूर्वेतिहास येथे थेट घडताना दिसतो, त्यामुळे कथा समजणे सोपे जाते. मुलांना दाखवताना मी हाच दुसरा क्रम, म्हणजे आधी चित्रपट आणि मग पुस्तक, निवडेन. ल्युसीचा तो प्रसंग त्यांना नंतर पुस्तकात निवांतपणे भेटेल.