अक्षरांची रील: ॲपमध्येच लिहावी की स्लाइडवर मांडून आणावी?

चेहरा नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. कवितेच्या चार ओळी, फवारणीचा सल्ला, दुकानाची सूट, शुद्धलेखनाची एखादी गंमत. अशा मजकुराच्या उभ्या व्हिडिओसाठी व्यवहारात दोनच रस्ते आहेत. एक म्हणजे इनशॉट, कॅनव्हा यांच्यासारख्या ॲपमध्ये मजकूर टाइप करायचा आणि तिथंच त्याला हालचाल द्यायची. दुसरा म्हणजे संगणकावर पॉवरपॉइंट किंवा लिबरऑफिसच्या इम्प्रेसमध्ये स्लाइड मांडायच्या, त्यांची चित्रं काढायची आणि ॲपकडून फक्त वेळ लावणं नि जोडणं एवढंच काम घ्यायचं. १०८० × १९२० पिक्सेल हा आकार दोन्हीकडे सारखाच, तेव्हा त्यात वेळ घालवत नाही.

ॲपची बाजू आधी मांडतो, कारण ती खरोखरच भक्कम आहे. मजकूर तयार असेल तर दहा-पंधरा मिनिटांत रील हातात येते, तीही एसटीत बसल्या बसल्या. मागे पावसाचा किंवा बाजाराचा चालता व्हिडिओ हवा असेल, तर ॲपला तोड नाही. कुणाच्या बोलण्याबरोबर शब्द उमटायचे असतील, तरी तेच. आणि चूक सापडली की प्रकल्प उघडा, शब्दावर बोट ठेवा, बदला, पुन्हा काढा. स्लाइडच्या रस्त्यात याच एका चुकीसाठी संगणकापर्यंत जावं लागतं. ज्यांच्याकडे फक्त फोन आहे, त्यांच्यापुढे तर निवडीचा प्रश्नच नाही.

एवढं असूनही माझा कल स्लाइडकडे आहे. त्याचं कारण एकच, आणि ऐकायला ते क्षुल्लक वाटेल: पहिल्या ओळीचं डोकं कापलं जातं.

कुठल्याही ॲपमध्ये ‘वर्षांपूर्वी’ हा शब्द पहिल्या ओळीत ठेवा. मजकूर स्थिर असेपर्यंत सगळं नीट दिसतं. आता त्याला खालून वर सरकत येण्याची किंवा मोठं होत उमटण्याची हालचाल लावा आणि व्हिडिओ थांबवून बघा. ‘र्षां’वरचा अनुस्वार गेलेला असू शकतो, ‘र्वी’वरचा रफार अर्धवट आणि वेलांटीचा माथा सपाट. कारण बहुधा साधं असतं. ॲप मजकुराभोवती आधी एक चौकट मोजतं आणि ती मोजणी रोमन अक्षरांच्या उंचीवर बेतलेली असते. रोमनमध्ये अक्षराच्या डोक्यावर फारसं काही बसत नाही. आपल्याकडे शिरोरेषेवर वेलांटी, तिला खेटून रफार आणि त्यांच्याही बाजूला अनुस्वार अशी दाटी. मजकूर स्थिर असताना चौकटीबाहेर आलेला भाग चालून जातो. हालचाल लावली की ॲप चौकटीपुरतंच चित्र उचलतं आणि तेच हलवतं, बाहेरचं बाहेर राहतं.

हे नुसतं दिसण्याचं दुखणं असतं तर सोडून दिलं असतं. पण कापणी शिरोरेषेला भिडली की दुसऱ्या वेलांटीचा उरतो काना, आणि ‘मामी’चा होतो ‘मामा’. ‘त्यांनी’चं ‘त्यानी’ होतं. शेवटच्या ओळीत हेच खालून घडतं: ‘पूल’ लिहिलेला असतो, दिसतो ‘पल’. मधल्या ओळी सुरक्षित राहतात, म्हणून एकंदर मजकुरावर नजर फिरवली तर चूक लक्षात येत नाही. ती येते पहिल्या प्रतिक्रियेत. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या रीलखालचा मजकूर नंतर बदलता येतो, आतला व्हिडिओ नाही. म्हणजे काढा, पुन्हा टाका, आणि आधीच्या प्रतिक्रियांवर पाणी सोडा.

यावर ॲपमध्येच एक तोडगा आहे. मजकुराच्या वर आणि खाली एकेक रिकामी ओळ सोडा, तिच्यात एक स्पेस टाका. चौकट उंच होते आणि डोकं वाचतं. काही ॲप टोकाच्या रिकाम्या ओळी आपणहून छाटून टाकतात, तिथं हा उपाय चालत नाही. शिवाय अक्षरांमागे रंगीत पट्टी लावली असेल तर रिकाम्या ओळींसह ती पट्टीही लठ्ठ होते. प्रत्येक मजकुराला हे आठवणीनं करायचं, आणि एकदा विसरलं की मामीचा मामा. माझी चिकाटी तिथं संपते.

बाकीच्या कुरबुरी यामानानं टाळता येण्याजोग्या आहेत. टाइपरायटरसारखी एकेक अक्षर उमटवणारी हालचाल मराठीला लावूच नका. साठवताना पहिली वेलांटी व्यंजनानंतर असते आणि दिसताना आधी. त्यामुळे ‘स्थिती’ उमटताना आधी ‘स’ येतो, मग पाय मोडलेला ‘स्’, मग ‘स्थ’, आणि मग कुठूनतरी वेलांटी उडी मारून डावीकडे बसते. अर्ध्या सेकंदाचा खेळ असतो, पण वाचणाऱ्याचा डोळा अडखळतोच. शब्द-शब्द किंवा ओळ-ओळ उमटवा. अक्षरांमधलं अंतर वाढवू नका, शिरोरेषा तुटते. अक्षरांना कडा देऊ नका: बऱ्याच ठिकाणी कडा प्रत्येक अक्षराला वेगळी लागते, त्यामुळे शिरोरेषेवर दर अक्षराच्या सांध्यावर उभी रेघ दिसते. कडेऐवजी मऊ सावली किंवा मागे गडद पट्टी पुरते.

‘ऱ्या’कडे मात्र लक्ष हवं. तो दोन तऱ्हांनी लिहिला जातो: नुक्त्याचा, म्हणजे खाली टिंब असलेला ‘ऱ’ घेऊन, किंवा साध्या ‘र्’पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा वर्ण टाकून. दुसऱ्या तऱ्हेचा मजकूर चिकटवताना तो अदृश्य वर्ण गळाला, तर ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, डोंगरातून थेट समुद्रात. आचाऱ्याचा आचार्य झाला तर निदान बढती तरी होते.

कुठलंही नवं ॲप, नवा फॉन्ट किंवा नवी हालचाल तपासायला हे एक वाक्य जवळ ठेवा: ‘पाच वर्षांपूर्वी कर्तृत्ववान आचाऱ्यांनी विठ्ठलाला ॲपवरून श्रीखंड धाडलं.’ अर्थ शोधू नका. रफार-अनुस्वार, ‘तृ’चा पाय, ‘ऱ्या’, ‘ठ्ठ’ची उतरंड, ‘ॲ’ आणि ‘श्री’ हे सगळे त्रासदायक गडी त्यात एका रांगेत आहेत. हे वाक्य एकदा पहिल्या ओळीत आणि एकदा शेवटच्या ओळीत ठेवून, हालचाल लावून, व्हिडिओ बाहेर काढून मगच बघा. संपादनाच्या पडद्यावरचं दिसणं पुरावा म्हणून धरू नका.

आता स्लाइडचा रस्ता. पॉवरपॉइंटमधून थेट व्हिडिओ काढायचा मोह होतो, तो टाळावा असं मला वाटतं. तिथं फुल एचडी निवडल्यावर उभ्या स्लाइडच्या बाबतीत १०८० हा आकडा उंचीला लागू शकतो. फाइलच्या गुणधर्मांत रुंदी ६०८ दिसली, तर तेच झालं आहे असं समजा. फोनवर ती अक्षरं धुवून वाळत घातल्यासारखी दिसतात. शिवाय वेळेत अर्ध्या सेकंदाचा बदल करायचा तरी सगळा व्हिडिओ पुन्हा काढावा लागतो. म्हणून चित्रंच काढा.

स्लाइडचा आकार आधी ठरवा, मजकूर नंतर टाका. पॉवरपॉइंट चित्र काढताना इंचाला ९६ पिक्सेल धरतं. म्हणून रुंदी २८.५७५ सेंमी आणि उंची ५०.८ सेंमी ठेवली, की चित्राची पीएनजी फाइल बरोबर १०८० × १९२० निघते. या मापात ६० पॉइंटचं अक्षर ८० पिक्सेलचं होतं. मुख्य मजकुराला ६०, शीर्षकाला ८० ते ९० पॉइंट घ्या. दोन्ही बाजूंना शंभरेक पिक्सेल मोकळे सोडले तर ओळीत तीन-चार शब्द बसतात. ओळींमधलं अंतर १.३च्या खाली नेऊ नका, नाहीतर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. इम्प्रेस वापरत असाल तर निर्यातीच्या वेळी पिक्सेल विचारले जातात, तिथं हेच आकडे भरा. वरचे अडीचशे पिक्सेल आणि खालचा जवळजवळ तिसरा हिस्सा रिकामा ठेवा. तिथं इन्स्टाग्रामवर खात्याचं नाव, बटणं आणि रीलखालचा मजकूर येऊन बसतो. उजव्या कडेला बटणांची रांग असते, म्हणून ओळ तिथपर्यंत ताणू नका.

ओळी आपण स्वतः तोडायच्या. ‘शेतकऱ्यांसाठीसुद्धा’ यासारखा लांब शब्द चौकटीत मावला नाही तर ॲप तो मधूनच तोडतं. स्लाइडवर तुम्ही एन्टर मारून ठरवता, आणि चित्र झालं की ती ओळ कुणाच्याही फोनवर तिथंच तुटते.

एकेक ओळ उमटत जायची असेल तर स्लाइडच्या प्रती काढा: पाच ओळी, पाच स्लाइड. इथं बहुतेकांची एक चूक होते. पहिल्या स्लाइडवर एकच ओळ ठेवली आणि मजकूर मध्यावर असला, तर पुढच्या स्लाइडवर सगळं वर सरकतं आणि व्हिडिओत ओळी उड्या मारतात. त्याऐवजी पाचही ओळी सगळ्या स्लाइडवर ठेवा आणि न उमटलेल्या ओळींना पार्श्वभूमीचाच रंग द्या. जागा तसूभर हलत नाही. अर्थात पार्श्वभूमी सपाट एकरंगी असेल तरच हे जमतं, आणि ती तशीच बरी. गडद रंगांची एकातून एक उतरती छटा, फाइल लहान करायला दाबलेल्या व्हिडिओत पट्ट्यापट्ट्यांची होते. काळ्यावर लाल अक्षरंही टाळा. व्हिडिओ दाबताना रंगाची माहिती उजेडाच्या मानानं ढोबळ ठेवली जाते, म्हणून लाल अक्षराच्या कडा फुटतात. पांढरा किंवा फिका पिवळा टिकतो.

फॉन्टच्या बाबतीत स्लाइडचं पारडं आणखी थोडं जड होतं. पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा असेल तर मुळातच मराठी वळणाचा फॉन्ट घ्यावा, कारण मजकुराची भाषा मराठी आहे हे सांगायची सोय ॲपमध्ये सहसा नसते. तिरो देवनागरी मराठी शीर्षकाला शोभतो. मजकुरासाठी ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा ‘मुक्त’ ठीक, जरा खेळकर हवं तर त्यांचाच बलू. हे तिन्ही मोफत आहेत. ॲपमध्ये बाहेरचा फॉन्ट घालता येत असेल तर गूगल फॉन्ट्सच्या झिपमध्ये ‘स्टॅटिक’ फोल्डर असेल तर त्यातली फाइल उचला. बारीक ते जाड अशी सगळी वजनं पोटात असलेली एकच फाइल घातली तर जाड अक्षर मिळेलच असं नाही. श्रीलिपीतला जुना, युनिकोड नसलेला मजकूर असेल तर दोन्ही रस्त्यांवर आधी युनिकोड करून घ्या.

चित्रं पीएनजीच ठेवा. जेपीईजीत अक्षरांभोवती धूळ उठते. पॉवरपॉइंट नावं ‘स्लाइड १’, ‘स्लाइड २’ अशी देतं आणि काही फोनांत एकनंतर थेट दहा येते. ०१, ०२ असं करून घ्या. व्हॉट्सॲपवरून फोनवर पाठवत असाल तर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर इतकी मेहनत घेतलेली अक्षरं वाटेतच दाबली जातात. ॲपमध्ये चित्र आलं की आपोआप लागलेली झूमची हालचाल असेल तर ती बंद करा. पहिल्या चित्राला दोन-अडीच सेकंद आणि त्यावर पाच-सहाच शब्द. पुढं बारा शब्दांना पाच सेकंद. घड्याळ नको असेल तर मजकूर शांतपणे एकदा मोठ्यानं वाचा आणि वर एक सेकंद द्या. लिहिणाऱ्याला मजकूर पाठ असतो, म्हणून तो नेहमी कमी वेळ देतो. सेकंदाला ३० फ्रेमवर, १०८०पीमध्ये बाहेर काढा. गाणं ॲपमध्ये घालू नका. रील टाकताना इन्स्टाग्रामच्या संग्रहातून घ्या, हक्कांची कटकट कमी होते. व्यावसायिक खात्याला तिथं निवड थोडी असते, हे लक्षात असू द्या.

स्लाइडच्या रस्त्याचा खरा तोटा दुरुस्तीचा. एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारायचं तर संगणक, निर्यात, पाठवणी, पुन्हा ॲप. हालचालीही मर्यादितच राहतात: कट आणि विरणं, फार तर सरकणं. रोज दोन रील टाकणाऱ्याला हे परवडणार नाही, असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालणार नाही. बातमीची घाई असेल, मागे चालता व्हिडिओ असेल, बोलण्याबरोबर शब्द हवे असतील, तर ॲपमध्येच लिहा, फक्त वरखाली रिकामी ओळ सोडा. पण कविता असेल, औषधाचं प्रमाण किंवा सभेची तारीख असेल, नावं असतील, म्हणजे एक अनुस्वार गेला तरी फोन येईल असा मजकूर असेल, तर स्लाइड मांडा.

आणि दुरुस्तीचा तो फेरा निम्म्यावर आणता येतो. ॲपमधलं चुकीचं चित्र काढून टाकू नका. त्यावर बोट ठेवून ‘बदला’ निवडा आणि नवी पीएनजी द्या. लावलेला वेळ आणि आजूबाजूचे जोड जसेच्या तसे राहतात, पुन्हा काढाव्या लागतात त्या चुकीची ओळ दिसणाऱ्या स्लाइड तेवढ्याच.