चार वेळा ‘येस’

मी अकरा वर्षं सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. दुसऱ्याच्या कामातली चूक शोधायचा मला पगार मिळतो. हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून ‘हिला एवढंही कळलं नाही?’ असं तुम्ही म्हणणारच आहात. माझा नवराही तेच म्हणाला.

मार्च २०२३ मध्ये आम्ही अमेरिकेत, टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्को-प्रॉस्परच्या पट्ट्यात नवं घर घेतलं. वसाहत इतकी नवी की समोरचे चार प्लॉट अजून नुसती माती. इथले बरेच बिल्डर भिंती बंद करायच्या आधीच दारा-खिडक्यांना अलार्मच्या वायरी टाकून ठेवतात. आमच्या घरात त्या सगळ्या क्लोजेटमधल्या एका पत्र्याच्या पेटीत येऊन थांबलेल्या होत्या. बिल्डरचं एका अलार्म कंपनीशी साटंलोटं होतं. क्लोजिंगच्या, म्हणजे घराचा व्यवहार पुरा होण्याच्या आठवड्यात माणूस शंभर कागदांवर सह्या करतो, त्यातच ही एक झाली: ३६ महिने, दरमहा ३९.९९ डॉलर. दुसरीकडे चौकशी केली नाही, किमतीही विचारल्या नाहीत. कंपनी सरळ निघाली हे आमचं नशीब.

भारतातल्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. दार उघडलं की दारातला चुंबक चौकटीतल्या स्विचपासून दूर जातो आणि पॅनेल, म्हणजे भिंतीवरचा मुख्य डबा, तीसेक सेकंद कोडची वाट बघतं. कोड आला नाही की भोंगा वाजतो आणि पॅनेल स्वतःच्या सिमवरून एका मॉनिटरिंग सेंटरला सिग्नल पाठवतं. तिथला माणूस आधी तुम्हाला फोन करून परवलीचा शब्द विचारतो, तुम्ही उचलला नाही तर दुसऱ्या नंबरवर, आणि मग शहराच्या पोलिसांना कळवतो. दरमहा पैसे जातात ते या बसलेल्या माणसाचे. भिंतीवरचा डबा कुणीही विकतो.

तर जुलै. १३ तारीख, गुरुवार, चाळीस डिग्रीच्या आसपासचं ऊन. नवरा ऑफिसला, मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, आणि सासूबाई खाली. त्या साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. बेल वाजली आणि दार त्यांनी उघडलं. पाच मिनिटांनी मी खाली येते तर सोफ्यावर विशी-बाविशीचा एक पोरगा, पोलो शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅब्लेट, आणि पुढ्यात पाण्याचा तांब्या न् चिवड्याची वाटी.

“अगं, उन्हातान्हाचं आलंय पोर,” आई म्हणाल्या. “तुमच्या त्या भोंग्याचं काम आहे म्हणतोय.”

त्याने आमच्या कंपनीचं नाव घेतलं. बिनचूक. बिल्डरचंही घेतलं. म्हणाला, या वसाहतीतली सगळी पॅनेलं बदलतोय, तुमचं जुन्या नेटवर्कवर आहे, ते लवकरच बंद पडेल. अपग्रेड फुकट, टेक्निशियन गाडीत बसलाय, तासाभरात होईल.

ही थाप का पटते ते सांगते. ३जी नेटवर्क २०२२ साली इथे खरोखरच बंद झालं, आणि त्यावर चालणारी जुनी पॅनेलं खरोखरच मुकी झाली. लोकांना पॅनेलं बदलून घ्यावी लागली. म्हणजे थापेच्या पोटात खऱ्याचा तुकडा होता. पण आमचं पॅनेल चार महिन्यांचं! २०२३ च्या मार्चमध्ये लावलेलं पॅनेल ३जीवर कसं असेल, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पडला नाही, कारण वर माझी मीटिंग म्यूटवर चालू होती.

आणि आमच्या कंपनीचं नाव त्याला कसं कळलं? अंगणात, गुलाबाच्या रोपाशेजारी, आम्हीच पाटी ठोकली होती. चोर घाबरावा म्हणून. नवं घर कुणी घेतलं हेही गुपित नसतं, खरेदीखत काउंटीच्या (इथल्या जिल्ह्याच्या) दफ्तरात कुणालाही बघता येतं.

टॅब्लेटवर तोच बोट फिरवत होता. मी फक्त तो थांबेल तिथे सही करत होते. मोजल्या नाहीत, नंतर पीडीएफमध्ये मोजल्या तर अकरा निघाल्या. मध्येच ‘व्हेरिफिकेशन’ म्हणून जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे इथला सरकारी ओळख क्रमांक, मागितला. चालू असलेल्या सेवेचं पॅनेल बदलायला सोशल नंबर कशाला लागतो? लागत नाही. तो लागतो नवीन करारासाठी क्रेडिट, म्हणजे गिऱ्हाइकाची पत, तपासायला. माझ्या क्रेडिट रिपोर्टवर ती चौकशी नंतर दिसली. पैसे थेट बँक खात्यातून घ्यायचा त्याचा फार आग्रह होता, महिन्याला पाच डॉलर कमी लागतील म्हणे. चेकबुक कुठल्या खोक्यात होतं ते आठवेना म्हणून मी क्रेडिट कार्ड दिलं. संपूर्ण प्रकरणात माझ्याकडून झालेली एकमेव बरी गोष्ट, आणि तीही आळसापोटी.

आता तो फोन. टेक्निशियनचं ड्रिल दाराशेजारी घरघरत होतं तेव्हा पोराने त्याचा मोबाइल माझ्या हातात दिला. “रूटीन रेकॉर्डिंग आहे मॅम. सगळ्याला येस म्हणा. कुठे नो आलं की पहिल्यापासून करावं लागतं, आणि मग आज काम होणार नाही.” पलीकडची बाई आगगाडीच्या वेगाने वाचत होती. घर तुमच्याच मालकीचं आहे ना? येस. कराराची मुदत साठ महिने आहे हे समजलं ना? ड्रिल. येस. आमचा तुमच्या सध्याच्या अलार्म कंपनीशी काहीही संबंध नाही हे तुम्हाला माहीत आहे ना? येस. रद्द करण्याच्या हक्काची नोटीस मिळाली ना? येस.

चार प्रश्न, चार येस. त्यातला तिसरा म्हणजे मी स्वतःच्या हाताने घातलेला फास. तो फोन माझी खात्री करायला नव्हताच. उद्या मी तक्रार केली तर मला ऐकवायला होता.

पोरगा जाताना आईंना वाकून ‘थँक यू’ म्हणाला. जुनं पॅनेल आणि जुनी कॅमेऱ्याची डोअरबेल खोक्यात घालून टेक्निशियन घेऊन गेला, ‘रिसायकलिंग’ला. गुलाबाशेजारची पाटीही बदलली होती. ती मी पाच दिवस बघितली नाही.

पाचव्या दिवशी, मंगळवारी दुपारी, आमच्या खऱ्या कंपनीचा फोन. “तुमच्या पॅनेलचा आमच्याशी संपर्क तुटलाय. टेक्निशियन पाठवू का?”

मी म्हटलं, “तुम्हीच तर बदलून गेलात ना गुरुवारी?”

पलीकडे जरा शांतता. मग ती बाई अगदी थकलेल्या आवाजात म्हणाली, “दारावर कुणी आलं होतं का?” तिला हे नवीन नव्हतं.

ईमेलच्या स्पॅममध्ये करार सापडला. ६० महिने, दरमहा ५४.९९. गुणाकार केला तर ३,२९९.४० डॉलर. मध्येच सोडलं तर उरलेल्या सगळ्या महिन्यांचे पैसे एकरकमी. मुदत संपायच्या तीस दिवस आधी लेखी कळवलं नाही तर करार आपोआप पुढे चालू. दर वाढवायचा हक्क त्यांना. आणि घरफोडी झाली, अलार्म वाजलाच नाही, तर कंपनीची जबाबदारी जास्तीत जास्त ५०० डॉलर. हे शेवटचं कलम, बरं का, आमच्या सरळ कंपनीच्या करारातही होतं. या धंद्यात सर्रास असतं. सुरक्षा विकत घेतोय असं आपल्याला वाटतं, आणि कागद म्हणतो की आम्ही फोन करायचा प्रयत्न करू. जुना करार अर्थातच चालू होता, त्याचे ३२ महिने बाकी.

‘फुकट’ मिळालेल्या मालात एक पॅनेल, एक हालचाल टिपणारा सेन्सर, एक डोअरबेल कॅमेरा, आणि बिल्डरच्या वायरी नव्या पॅनेलला जोडणारी एक छोटी डबी होती. दारं-खिडक्यांचे सेन्सर आमचेच.

अमेरिकेत घरी येऊन २५ डॉलर किंवा त्यावरची विक्री केली तर गिऱ्हाइकाला तिसऱ्या कामाच्या दिवसाच्या मध्यरात्रीपर्यंत सौदा मोडता येतो. फेडरल ट्रेड कमिशन, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणारी केंद्रीय संस्था, तिचा नियम आहे. गंमत अशी की यात शनिवार कामाचा दिवस धरतात. गुरुवारची सही, म्हणजे शुक्रवार, शनिवार, सोमवार. मला कळलं मंगळवारी. एका दिवसाने चुकलं.

त्यांच्या ग्राहक सेवेतल्या माणसाने मला माझंच रेकॉर्डिंग ऐकवलं. माझा आवाज, मागे ड्रिल, येस, येस, येस, येस. “मॅम, तुम्ही स्वतः मान्य केलंय.” त्या रात्री मी जेवले नाही. पैशापेक्षा तो आवाज जास्त लागला. मीटिंगमध्ये ‘पुढे चला’ म्हणताना माझा आवाज तस्साच असतो.

मग नवऱ्याला सुचलं. “अगं, आपली डोअरबेल जुनीच होती ना, तो आला तेव्हा?”

होती. त्यांनी ती काढली नंतर. पण दारात उभं राहून पोरगा आईंशी जे बोलला ते जुन्या कंपनीच्या क्लाउडवर होतं, आवाजासकट. तीस दिवस राहतं, मग पुसलं जातं. क्लिपमध्ये स्वच्छ ऐकू येतं: आमच्या कंपनीचं नाव, आणि ‘वी आर अपग्रेडिंग देअर सिस्टिम्स’. त्यापुढे आईंचं ‘कम, कम, वॉटर’. त्यांच्याकडे एक रेकॉर्डिंग, आमच्याकडेही एक.

दुसरी गोष्ट त्याच नियमात सापडली. विक्रेत्याने रद्द करण्याचा हक्क तोंडी सांगायचा असतो आणि रद्द करण्याच्या फॉर्मच्या दोन प्रती हातात द्यायच्या असतात. आमच्या हातात एक कपटाही आला नव्हता. फॉर्म होता पीडीएफच्या सतराव्या पानावर.

हे सगळं लिहून, क्लिपच्या लिंकसह, सर्टिफाइड मेलने पत्र पाठवलं, पोचपावती घेतली. फोनवर बोलणं बंद केलं. टेक्सासच्या अॅटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) ग्राहक संरक्षण विभागात तक्रार केली. अलार्म कंपन्यांना आणि त्यांच्या विक्रेत्यांना इथे डीपीएस, म्हणजे राज्याच्या सार्वजनिक सुरक्षा खात्याचा परवाना लागतो, तिथेही केली. कंपनीचा परवाना वेबसाइटवर सापडला. पोराचा शोधता येईना, कारण त्याचं फक्त पहिलं नाव मला माहीत. गळ्यातलं ओळखपत्र मी वाचलंच नव्हतं. फेडरल ट्रेड कमिशनकडेही नोंद केली. ते एकेकाचं भांडण सोडवत बसत नाहीत, पण नोंदी साठतात. २०२१ मध्ये अशाच दारोदार विक्रीच्या एका मोठ्या कंपनीने गिऱ्हाइकं क्रेडिटच्या तपासणीत पास करण्यासाठी भलत्याच माणसांचे रिपोर्ट वापरल्याच्या आरोपावरून २ कोटी डॉलर मोजले होते. क्रेडिट कार्डवाल्यांना सांगून दुसऱ्या महिन्याचा हप्ता अडवला. खातं दिलं असतं तर तो केव्हाच गेला असता.

सातव्या आठवड्यात ईमेल आला: ‘सदिच्छा म्हणून’ करार रद्द. चूक कबूल नाही. पहिला हप्ता परत नाही. जुनं पॅनेल आणि डोअरबेल हरवली ती हरवलीच, आमच्या कंपनीने नवीन लावायचे २४० डॉलर घेतले. गराजच्या दाराशेजारी स्क्रूची जादा भोकं राहिली, त्यांवर आईंनी जाण्यापूर्वी किल्ल्यांची खुंटाळी लावली.

नवं घर घेणारे मला विचारतात, कोणती कंपनी घेऊ. नाव मी सांगत नाही. आधी करार मागवा, घरी बसून वाचा, आणि महिने किती ते बघा. आजकाल महिन्या-महिन्याने चालणारं मॉनिटरिंग मिळतं, सामान स्वतः विकत घेऊन. दर थोडा जास्त वाटला तरी पाय मोकळा राहतो. पॅनेल दुसऱ्या कंपनीला वापरता येतं की कुलूपबंद असतं, हे लेखी विचारा. घर विकलं तर काय, हेही. मॉनिटरिंग सेंटर यूएल (सुरक्षा-चाचणी करणारी संस्था) प्रमाणित आहे का ते विचारा. विमा कंपनीला सवलतीसाठी सर्टिफिकेट लागतं, ते कोण देणार? शहराचा अलार्म परवाना कोण काढणार? टेक्सासमध्ये घरासाठी त्याची फी वर्षाला ५० डॉलरच्या वर लावता येत नाही, त्यामुळे कुणी ‘परमिट पॅकेज’ म्हणून दोनशे मागितले तर समजून जा. आणि दारात आलेल्याने तुमच्या कंपनीचं नाव घेतलं तर दार लावून घ्या, आणि बिलावरच्या नंबरवर तुम्ही स्वतः फोन करा. चिवडा नंतर.

पुढच्या उन्हाळ्यात, जून २०२४ मध्ये, एका शनिवारी सकाळी चालायला निघाले तर समोरच्या नव्या घराच्या अंगणात ती ओळखीची पाटी. तेलुगू कुटुंब, महिनाभरापूर्वीच आलेलं. बेल दाबली आणि विचारलं, सही कधी केलीत? गुरुवारी, तो म्हणाला, का? मी त्याला पीडीएफचं सतरावं पान उघडायला लावलं. प्रिंटर अजून खोक्यात होता, म्हणून आमच्याकडे दोन प्रती काढल्या, सही झाली, तारीख टाकली. आमचं पोस्ट शनिवारी बाराला बंद होतं. आम्ही पावणेबाराला काउंटरवर होतो.