रेम्ब्रांटच्या आत्मचित्राची मुद्रित प्रत : एक परीक्षण

डच चित्रकार रेम्ब्रांटने साधारण १६६५ ते १६६९ या काळात रंगवलेले ‘दोन वर्तुळांसह आत्मचित्र’ लंडनच्या केनवुड हाउसमध्ये आहे. त्याची सुती कागदावर पिगमेंट शाईने छापलेली प्रत मी मागवली आणि भिंतीवर पुरेसे दिवस राहू दिल्यानंतरच हे परीक्षण लिहायला घेतले. अशा प्रतीचे मोल केवळ रंगांच्या जुळणीवर ठरत नाही. या चित्रातली नम्रता आणि तिच्या आत दडलेला ठाम आत्मविश्वास छपाईत टिकला नाही, तर हाती उरते ते एका वृद्धाचे तपकिरी चित्र.

१६४० च्या आत्मचित्रात हाच चित्रकार उंची वस्त्रे लेवून, कठड्यावर हात टेकून ऐटीत बसलेला दिसतो. पुढे १६५६ मध्ये दिवाळखोरी आली, घर आणि संग्रह विकला गेला. त्यानंतरच्या या चित्रात तो साध्या झग्यात, डोक्याला पांढरी टोपी घालून, कामाची साधने हाती धरून उभा आहे. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या आणि सैल पडलेली कातडी त्याने लपवलेली नाही, पण त्यासाठी दयाही मागितलेली नाही. नजर सरळ आपल्यावर रोखलेली आहे.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो पॅलेट, म्हणजे रंग कालवण्याची फळी, धरलेला हात. बोटे जवळजवळ रंगवलेलीच नाहीत. कुंचल्याच्या काही झपाट्यांत हात, कुंचले आणि पॅलेट एकमेकांत मिसळून जातात. जे दाखवायची गरज नाही ते सोडून देण्याचे हे धैर्य केवळ आयुष्यभराच्या कामातूनच येते. संगणकावर असे भाग ठळक करण्याचा मोह अनेक मुद्रकांना आवरत नाही, परंतु या प्रतीत हात होता तसाच धूसर राहिला आहे, याबद्दल मुद्रकाचे मनापासून कौतुक केले पाहिजे. मागच्या भिंतीवरील वर्तुळांच्या अर्थाविषयी अभ्यासकांत एकमत नाही; छपाईत त्यांच्या रेषा स्वच्छ उमटल्या आहेत, एवढे येथे पुरे.

उणिवा दोन आहेत. झग्याच्या खालच्या भागातील गडद तपकिरी छटा एकमेकींत बुडून सरसकट काळ्या दिसतात. दुसरे म्हणजे, मूळ चित्रात टोपीवर रंगाचा जो जाड थर आहे, त्याला सपाट कागदावर पर्याय नाही. ही मर्यादा कोणत्याही छपाईची असल्याने तिचा दोष मी या प्रतीला देणार नाही, पण काळवंडलेला झगा मात्र अधिक काळजी घेतली असती तर टाळता आला असता.

घ्यायची असल्यास उपलब्ध आकारांतील मोठाच आकार घ्यावा, कारण मूळ चित्र सुमारे ११४ बाय ९४ सेंटिमीटरचे आहे आणि फार लहान प्रतीत डोळ्यांभोवतीचे बारकावे हरवतात. चकचकीत काच टाळावी. गडद पार्श्वभूमीवर समोरच्या खिडकीचे प्रतिबिंब पडले की चेहरा दिसेनासा होतो.