पेरणीपासून वेच्यापर्यंत इंडियन ओशन: वावरात ऐकलेले अल्बम आणि रेडिओचा वाद

मृगाच्या पेरणीला दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचे सगळे अल्बम फोनमध्ये उतरवून घेतले होते, आता कापसाचा दुसरा वेचा आटोपत आला आहे. एवढे महिने ही गाणी डवरणीत, निंदणात, रात्रीच्या जागलीत आणि पानठेल्यावर वाजली. हा बँड रेडिओवर का चालत नाही, आणि चालवायचाच तर कोणत्या अल्बमनं, हे भांडण आमच्या पानठेल्यावर कधी मिटत नाही. इतकं ऐकून झाल्यावर माझं मत पक्कं झालं आहे, ते इथं मांडतो.

एकच अल्बम घ्यायचा असेल तर २००० सालचा 'कंदीसा' घ्या. सातच गाणी आहेत आणि सातही पुन्हा पुन्हा ऐकण्याजोगी. शीर्षकगीत म्हणजे केरळच्या सीरियन ख्रिश्चनांची अरामी भाषेतली प्रार्थना. आमच्या गावात त्यातला एक शब्द कोणाला कळत नाही, तरी जागलीच्या रात्री हेच लावा म्हणतात. रानडुकरांसाठी रात्रभर जागायचं असतं, घाई कशाचीच नसते. बँडच्या सुस्मित सेनची गिटार निवांत वाट काढत येते, मागून आवाज येतात, आणि तिथून ते गाणं हळूहळू चढत जातं. घरात, पंख्याच्या आवाजात ते मला इतकं कधीच भिडलं नव्हतं.

माझा ट्रॅक्टरवाला मित्र विरुद्ध तटाचा. त्याचं म्हणणं एकच: "'बंदे' लाव, बाकीचं राहू दे. 'बंदे' नसतं तं या लोकायले आपन वळखलं असतं का?" त्याच्या बोलण्यात दम आहे, हे मान्य. 'बंदे' हे या बँडचं 'ब्लॅक फ्रायडे'मधलं गाणं. हा अनुराग कश्यपचा सिनेमा १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांवरचा. तो न्यायालयात अडकला आणि फेब्रुवारी २००७ पर्यंत पडद्यावर आला नाही. पियूष मिश्रांनी लिहिलेलं हे गाणं मात्र त्याआधीच लोकांच्या कानात पोचलं होतं. खाजगी एफेमवर सिनेमाच्या गाण्याला दार उघडं असतं, बँडच्या गाण्याला नसतं. या बँडनं तोवर दहा-बारा वर्षं चांगलं काम केलं होतं, पण मोठ्या गर्दीपर्यंत ते नेलं सिनेमानं. तरी सिनेमाचा अख्खा अल्बम लावून बघा. 'बंदे' आणि 'भरम भाप के' सोडले तर बाकीचे तुकडे त्या सिनेमाच्या प्रसंगांना बांधलेले आहेत. वावरात ते सुटे पडतात.

आता रेडिओ. सगळे म्हणतात, गाणी लांब आहेत म्हणून वाजत नाहीत. मला हे पटत नाही. नदीपल्याड मोझरी आहे. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या खंजिरीवर वाढलेला आमचा मुलूख आहे. एकेक भजन किती वेळ चालतं ते आम्हाला कोणी सांगायला नको, आणि मधेच उठून कोणी घरी जात नाही. लांबी आमच्या कानाला सवयीची आहे. खरी अडचण सुरुवातीची आहे. भजनात पहिल्याच ओळीला माणूस धरला जातो, मग ते कितीही लांबो. इंडियन ओशनची बरीच गाणी आधी जागा तयार करतात, आवाज मागाहून येतो. एफेमचा धंदा जाहिरातीवर चालतो. तीन-चार मिनिटांचं गाणं, निवेदकाची बडबड, जाहिरात, की लगेच पुढचं. त्यात पहिलं मिनिट गिटार ऐकायला थांबतो कोण? बटण दाबलं की दुसरं स्टेशन. वावरात स्पीकर धुऱ्यावरच्या बाभळीला टांगलेला असतो आणि हात कामात असतात, तिथं बदलायला कोणी जात नाही. म्हणून ही गाणी इथं मुरली.

हे मी आमच्या भजनी मंडळातल्या खंजिरीवाल्या काकांवर पारखून पाहिलं. त्यांना 'कंदीसा'मधलंच 'हिल्ले ले' लावून दिलं. कवी गोरख पांडेंचं भोजपुरी गाणं आहे, कष्टकऱ्यांच्या बाजूचं. काका आधी गप्प बसून होते. थोड्या वेळानं अंगठा मांडीवर पडायला लागला, मग चारही बोटं, आणि शेवटाकडं त्यांनी खंजिरीच मागवली. "ठेका आपलाच हाय रे, फक्त बाजा येगळा हाय," म्हणाले. त्या बाजातलं एक वाद्य त्यांना फार आवडलं: बँडचा ड्रमवाला अमित किलाम वाजवतो ते गबगुबी, आपल्या चौंडक्याच्या जातीचं, तार ओढून वाजणारं.

२००३ च्या 'झीनी'चं तसंच झालं. पहिल्या वेच्याला बायका कमरेला ओट्या बांधून पऱ्हाटीत शिरल्या होत्या, स्पीकर चालू होता. शीर्षकगीत कबीराचं, विणलेल्या चादरीचं. एक मावशी हात थांबवून म्हणाल्या, "हे तं कबीराचं भजन व्हय नं? आमच्यात बी हाय, पन चाल दुसरी हाय." आणि वेचता वेचता त्यांनी आपली चाल म्हणून दाखवली. कापूस पिकवणाऱ्या मुलखात हा अल्बम रेडिओवर लागत नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं.

बाकीच्यांबद्दल थोडक्यात. १९९३ चा पहिला अल्बम शांत आहे, गिटारीचा भक्त असाल तरच. 'डेझर्ट रेन' १९९७ चा, दिल्लीत पथनाट्यवाले सफदर हाश्मींच्या स्मरणार्थ झालेल्या कार्यक्रमातलं थेट मुद्रण. त्यात जीव आहे, पण ट्रॅक्टर चालू असताना काही कळत नाही. '१६/३३० खजूर रोड' २०१० चा. महिन्याला एक गाणं याप्रमाणे त्यांनी तो लोकांना फुकट दिला होता. बँडचे गायक आणि तबलावादक असीम चक्रवर्ती २५ डिसेंबर २००९ ला गेले, त्यांचा आवाज यात आहे, आणि तो ऐकताना मला दर वेळी भरून येतं. २०१४ चा 'तंदानू' मला सैल वाटला. शंकर महादेवनपासून मोठमोठे पाहुणे आहेत, पण पाहुण्यांना जागा देताना घरच्यांचा आवाज मागे सरला. सुस्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडले, ती पोकळीही जाणवते.

रेडिओसाठी माझं एकच नाव: 'मा रेवा'. नर्मदेच्या निर्मळ पाण्याचं लोकगीत. बँडचे बेस गिटारवाले राहुल राम नर्मदा बचाव आंदोलनात होते, तिथून ते बँडपर्यंत आलं. परिक्रमेला जाऊन आलेली माणसं आमच्याकडं गावोगाव आहेत, त्यांना ते समजावून सांगावं लागत नाही. नागपूरचे खाजगी एफेम आमच्याकडं येईस्तोवर नुसती खरखर होते, पण आकाशवाणी नागपूर ५८५ किलोहर्ट्झवर स्वच्छ लागतं. तिथं सकाळी हे गाणं लागलं तर म्हातारी माणसंसुद्धा आवाज वाढवतील. ट्रॅक्टरवाल्याला हे अजून मान्य नाही.

वापराबद्दल दोन गोष्टी. वावरात नेटवर्क धड नसतं, म्हणून अल्बम घरूनच उतरवून न्या आणि मूळ क्रमानंच लावा. फोन उलटसुलट वाजवत सुटला की 'कंदीसा'चा चढ तुटतो. दुसरं, बारक्या स्पीकरवर राहुल रामचं बेस गिटार जवळजवळ गायब होतं, आणि अर्धा बँड तिथंच आहे. थोडे पैसे जास्त गेले तरी मोठ्या डब्याचा स्पीकर घ्या. २०२३ चा 'तू है' माझा अजून पुरेसा ऐकून झालेला नाही. हरभऱ्याच्या ओलिताला रात्रीची लाईन येते, तेव्हा तो लावणार आहे.